उचल घेऊन कामावर न येणं हा गुन्हा का असावा?

कसब्यातला

गळीत हंगाम तोंडावर आला की पेपरात एक ठरावीक बातमी येते. ऊसतोड मजूर पुरवतो म्हणून मुकादमाने वाहतूकदाराकडून अमुक लाखांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली, टोळी आलीच नाही, फसवणुकीचा गुन्हा दाखल. पुणे, सोलापूर, सांगली, कोल्हापूर, कुठल्याही आवृत्तीत सापडेल. माझं म्हणणं असं, की यातल्या बऱ्याच फिर्यादी म्हणजे १८५९चा तेरावा कायदा गुपचूप पुन्हा चालवणं आहे.

हा कायदा शाळेत कोणी शिकवत नाही, म्हणून सांगतो. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी, म्हणजे कलकत्ता ट्रेड्स असोसिएशनने, सरकारकडे गाऱ्हाणं नेलं की कारागीर आणि मजूर आगाऊ पैसे घेतात आणि काम टाकून जातात. सरकारने ऐकलं. कायदा आधी कलकत्ता, मद्रास, मुंबई या शहरांसाठी, पुढे सरकारला वाटेल तिथे लागू करायची सोय. मालकाने मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची. मजुराने सबळ कारणाशिवाय काम टाकलंय असं दिसलं की हुकूम सुटायचा: पैसे परत कर, किंवा काम पुरं कर. दोन्हींतलं काय हवं ते मालक सांगणार, मजूर नाही. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. आणि मालकाने मजुरी बुडवली तर त्याला तुरुंग? या कायद्यात ती भानगडच नव्हती.

इंग्लंडने स्वतःच्या घरातले असे मालक-नोकर कायदे १८७५ सालीच मोडीत काढले. तिथल्या कामगाराने करार मोडला तर भरपाई मागा, कोठडी नाही. आपल्याकडचा कायदा रद्द करायला १९२५ साल उजाडलं, अंमल १ एप्रिल १९२६ पासून. अर्धशतक उशिरा. आसामच्या चहामळ्यांची तर तऱ्हाच निराळी, तिथे १८६५ पासून १९०८ पर्यंत पळालेल्या मजुराला मळेवाला स्वतःच पकडू शकत होता, वॉरंटाशिवाय.

आता त्या १८५९च्या कायद्याची प्रस्तावना बघा. मालकांची सगळी बाजू दोन गोष्टींवर उभी आहे. एक, मजुराने केलेला करारभंग लबाडीचा आहे. दोन, दिवाणी कोर्टातला इलाज मालकाला पुरत नाही. आजची कुठलीही फिर्याद वाचा, हीच दोन वाक्यं नव्या कपड्यांत भेटतील.

उचल हे कर्ज आहे. वसूल करायचं तर दिवाणी दावा लावा. पोलीस ठाण्याचा धाक घालून माणूस फडात उभा करायचा, हे मला मान्य नाही. उचल देणाऱ्याने बुडण्याची जोखीम धरूनच द्यावी.

भोसरीचा लेथवाला

जोखीम धरूनच द्यावी! कसब्यात बसून लिहायला काय जातंय.

माझं छोटं वर्कशॉप आहे. वेल्डर, फिटर, हेल्पर, सगळे उचल मागतात. बहिणीचं लग्न, घरावर पत्रा, आईचं ऑपरेशन. मी देतो, बिनव्याजी देतो, कारण नाही दिली तर तो समोरच्या शेडमध्ये जातो. दिवाळीला बोनस घेऊन गावी गेला की फोन बंद. मग कळतं की चाकणला लागलाय. आता मला सांगा, दिवाणी दावा लावू? शिवाजीनगर कोर्टाच्या तारखा कधी केल्यात का? वकिलाची फी उचलीपेक्षा जास्त होते.

आणि ही करुणा एकाच बाजूला का? माझा चेक वटला नाही तर कलम १३८ खाली मला तुरुंगाची भीती आहेच. तेव्हा कोणी धागा काढत नाही की हा वसाहतीचा कायदा आहे म्हणून. दिलेला शब्द मोडला तर लहान मालकाला शिक्षा आणि कामगाराला नुसती समज, हा कुठला न्याय?

कोर्टकचेरी

दोघांनाही थोडं थोडं थांबवतो.

लेथवाले, चेकचं कलम १३८ इंग्रजांचं नाही. मूळ कायदा १८८१चा, पण हे प्रकरण त्यात १९८८च्या दुरुस्तीने आलं. म्हणजे पैशाच्या व्यवहाराला फौजदारी धार लावायची सवय आपली स्वतःचीही आहे. हा मुद्दा कसब्यातल्यांच्या विरोधात जातो आणि तुमच्याही.

कसब्यातले, फसवणूक आणि करारभंग यांतली रेघ कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती कितीतरी वेळा ओढून दाखवलीय: पैसे घेतानाच बुडवायचा इरादा असेल तर फसवणूक, नंतर जमलं नाही किंवा मन फिरलं तर नुसता करारभंग. पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), शिक्षा सात वर्षांपर्यंत. जो मुकादम एकाच टोळीवर तीन वाहतूकदारांकडून पैसे उचलतो त्याला मजूर म्हणायचं? तो कंत्राटदार आहे. १८५९च्या कायद्यातल्या कारागिराशी त्याची तुलना होत नाही.

घोळ होतो तो ठाण्यात. इरादा आधीचा की नंतरचा हे ठरायचं खटल्यात, पण माणूस आत जातो फिर्यादीवर.

कसब्यातला

तेच तर म्हणतोय! शिक्षा होवो न होवो, फिर्यादच वसुलीचं हत्यार आहे. समझोता होऊन पैसे मिळाले की फिर्यादीतला रस संपतो. १८५९चा कायदाही असाच चालायचा. धाक दाखवून माणूस कामावर आणता आला की मालकाचं काम झालं.

आष्टीकर

माझे आईवडील तोडीला जायचे. आता मी पुण्यात नोकरी करतो. तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते आमच्या घरातलं आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

मुकादम म्हणजे कोणी परका राक्षस नसतो. आमचा मुकादम चुलत मामा होता. कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा असला तर अर्धा कोयता. दर टप्प्यावर स्टँपपेपर, कोरे चेक, अंगठे. टोळी कमी पडली की वाहतूकदार मुकादमावर केस करतो. मुकादमाला पोलिसांचा फोन आला की संध्याकाळी जीप आमच्या दारात. कागदावर गुन्हा मुकादमावर असतो, पण त्याची झळ शेवटच्या माणसाला लागते. बैलजोडी सोडून नेलेली मी पाहिलीय. एका घरातला पोरगा, बाप येईपर्यंत, कारखान्यावर बसवून ठेवलेला पाहिलाय. कोर्टकचेरी म्हणतात मुकादम कंत्राटदार आहे. बरोबर, पण त्याच्यावरची केस आमच्यापर्यंत पोचायला रात्र लागत नाही.

आता दुसरी बाजू. कसब्यातले म्हणतात उचल देणाऱ्याने जोखीम धरावी. दादा, देणाऱ्याने जोखीम धरली की तो उचल कमी करतो किंवा तोडीचा दर पाडतो. कापूस गेला, सोयाबीन गेलं, मधले चार महिने घर त्या उचलीवर चालतं. आम्हाला बँक दारात उभं करत नाही. उचल बंद झाली तर उरतो सावकार, आणि त्याचं व्याज उचलीपेक्षा वाईट. तेव्हा उचलच मुळात पाप आहे असं लिहू नका.

खरा घोटाळा हिशेबात आहे. किती टन तोडला, किती कापले, वही मुकादमाकडे. आजारी पडलं तर खाडा, त्याचे पैसे उलट आमच्याच अंगावर. हंगाम संपला तरी बाकी निघते आणि ती पुढच्या सालावर चढते. फिटली की नाही हे आम्हाला दुसराच कोणी सांगतो. ज्याला आपल्या कर्जाचा आकडा माहीत नाही त्याने लबाडीने करार मोडला असं कसं म्हणता?

घाटमाथा

आष्टीकरांचा प्रतिसाद वाचून खंडाळ्याचा बोगदा आठवला. पुण्याहून मुंबईला रेल्वेने जाणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकावं.

खंडाळा ते पुणे गाडी १८५८ साली सुरू झाली, पण मुंबईकडून खंडाळ्याला चढणारा बोरघाट व्हायचा होता. काम १८५६ पासून चालू होतं. कंत्राट फेव्हिएल नावाच्या इंग्रजाकडे, त्याच्या खाली पोटकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम, सगळ्यात खाली हजारो मजूर. पैसे वरून निघायचे, खाली येईपर्यंत आटायचे. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीवरून दंगल झाली. पुढे ते कंत्राट सॉलोमन ट्रेडवेलकडे गेलं, तो आला आणि थोड्याच दिवसांत वारला. काम त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट सांभाळून पुढे रेटलं. २१ एप्रिल १८६३ला घाट खुला झाला.

या दंगलीचा परिणाम म्हणून १८६०चा नववा कायदा आला: रेल्वे, कालवे असल्या सार्वजनिक कामांवर मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवायचे. कसब्यातल्यांनी १८५९चा कायदा सांगितला आणि पुढच्याच वर्षीचा गाळला. वसाहतीचं सरकार काही मजुराचं मायबाप नव्हतं. पण दगड पडायला लागले तेव्हा त्यांनाही कळलं की मजुरी वेळेवर मिळाली नाही तर घाट होत नाही. कामगाराला पकडायचा कायदा बघायचा तर मजुरी मिळवून देणाराही बघा.

कसब्यातला

गाळला नाही, राहिला, लेख लांबत होता. आणि त्याने माझाच मुद्दा पक्का होतो. मजुरीच्या तक्रारीचा कायदा यायला दंगल व्हावी लागली, मालकाच्या तक्रारीचा यायला व्यापाऱ्यांचा एक अर्ज पुरला.

तिसरी पाळी

या धाग्यावर एक सोयीचं गृहीतक चाललंय, वसाहतीचं म्हणजे वाईट, आपलं म्हणजे चांगलं.

१८८१चा पहिला फॅक्टरी अॅक्ट घ्या. सात वर्षांखालच्या पोरांना कारखान्यात ठेवायचं नाही, सात ते बाराच्या पोरांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, आणि हे फक्त शंभरावर कामगार असलेल्या कारखान्यांना. एवढासा कायदा! तरी गिरणीमालकांनी आणि तेव्हाच्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्याला विरोध केला, का तर मागे इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा मतलब आहे. मतलब होताच. पण म्हणून पोराने बारा तास साच्यावर उभं राहायचं का?

तेव्हा कामगाराच्या बाजूने कोण उभं होतं? नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ साली काढलेलं ‘दीनबंधु’ त्यांनी पुढे मुंबईतून चालवलं. १८८४ साली परळला सभा घेऊन गिरणी कामगारांच्या मागण्या सरकारपुढे ठेवल्या. रविवारची सुट्टी सगळ्यांना आठवते, ती १८९० साली मिळाली. पण त्याच यादीत आणखी एक मागणी होती: मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्या. म्हणजे करार मालक मोडत होता, पगार अडकवून कामगाराला बांधून ठेवत होता. उचल पुढून बांधते, थकवलेला पगार मागून बांधतो. लेथवाले, तुमच्या शेडमध्ये पगार कितीला होतो?

भोसरीचा लेथवाला

सात तारखेला. विचारलंत म्हणून सांगितलं. आणि आमचं वरच्या कंपनीकडून येणं नव्वद दिवसांनी येतं, तेही विचारा कधी.

हिंजवडी फेज तीन

ऊस, गिरण्या, घाट झालं. आता आमच्याकडे या. कॉलेजातून उचललं, दोन वर्षांचा बाँड, सोडलंस तर दोन लाख. तीन महिन्यांचं ‘ट्रेनिंग’ म्हणजे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. पहिल्या कंपनीने माझी मूळ मार्कशीट ठेवून घेतली होती. राजीनामा दिल्यावर रिलिव्हिंग लेटर अडवलं, ते नाही तर पुढची कंपनी घेत नाही. फौजदारी नाही, तुरुंग नाही, तरी पाय बांधलेलेच.

उगाच पराचा कावळा करतोय म्हणाल, तर आयटीवाला आणि ऊसतोड मजूर एक नाहीत हे मलाही कळतं. मला एसी होता.

कोर्टकचेरी

मूळ मार्कशीट देऊ नका. ठेवून घेतली असेल तर लेखी मागा.

बाँडचं विचाराल तर मामला सरळ नाही. १८७२चा करार कायदा, तोही वसाहतीचाच, पण तो कामगाराच्या बाजूनेही उभा राहतो. कलम २७: धंदा-नोकरी करण्यावर बंधन घालणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल. कलम ७४: करारात दंडाचा आकडा कितीही लिहा, कोर्ट वाजवी भरपाईच देणार, आकडा ही वरची मर्यादा. शिवाय कुणाला जबरदस्तीने नोकरीत ठेवा असा हुकूम दिवाणी कोर्ट देत नाही.

पण नोकरी चालू असतानाचं बंधन कोर्टं मान्य करतात. १९६७चा सेंच्युरी स्पिनिंगचा निकाल कल्याणच्या टायरकॉर्डच्या कारखान्याचा. पाच वर्षांच्या कराराचा माणूस मधेच राजस्थानच्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. त्या मुदतीत तसल्या कंपनीत काम करू नको, हा मनाईहुकूम सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलचा दोन लाखांचा बाँड त्याच न्यायालयाने वैध धरला. सरकारी बँकेला जाहिरात, परीक्षा, पुन्हा भरती यांचा खर्च पडतो, हे तिथलं कारण. व्हिडिओ दाखवून दोन लाख मागणाऱ्या खाजगी कंपनीला तोच निकाल आयता लागू पडेल असं समजू नका. वाजवी भरपाईचा प्रश्न तिथेही येणारच.

आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं असतं.

लाल निशाण

त्याच संहितेचं दुसरं टोकही सांगा ना, वकीलसाहेब. १९३६च्या वेतन कायद्यात एक खुंटी होती: दहा किंवा जास्त कामगारांनी ठरवून, नोटीस न देता, कारणाशिवाय दांडी मारली आणि करारात नोटिशीची अट असली, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. एकट्याने मारली तर नाही, दहा जणांनी मिळून मारली तर. इंग्रज गेले, संविधान आलं, नवी संहिता आली, खुंटी तशीच. वर औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी एकदम किरकोळ रजा टाकली तरी तो संप. त्या १८५९च्या कायद्याला एकटा पळणारा नको होता. आताच्यांना जमून थांबणारे नकोत.

कोथरूडची लेक

मी कामगारांच्या विरोधात लिहितेय असं वाटलं तर वाटू दे. आई अंथरुणावर आहे. घरकामाला, रुग्णसेवेला बायका पुरवणाऱ्या सेंटरमार्फत मावशी ठेवली, तिने पुढच्या महिन्याचे पैसे आगाऊ मागितले, दिले. एका दुपारी आईला एकटं ठेवून गेली, ती आलीच नाही. मी ऑफिसात. आईने संध्याकाळपर्यंत पाणी प्यायलं नव्हतं. याला काय म्हणायचं? कर्ज थकलं? दिवाणी दावा लाव?

कोर्टकचेरी

तुमच्यासाठी कायदा आहे, आणि गंमत म्हणजे तो याच धाग्याच्या घराण्यातला आहे. १८६०च्या दंडसंहितेत कामाचा करार मोडण्याचे तीन गुन्हे होते. ४९०, प्रवासात सोडून जाणं. ४९२, मालकाने स्वखर्चाने दूर नेलेल्या ठिकाणी काम टाकणं. आणि ४९१, लहान वय, वेड, आजार यामुळे असहाय असलेल्या माणसाला सांभाळायचा करार करून मुद्दाम न सांभाळणं. ४९० आणि ४९२ त्या १९२५च्या कायद्यानेच गेली. ४९१ राहिलं. ते आता न्याय संहितेत ३५७ आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. दंड पूर्वी दोनशे रुपये होता, आता पाच हजारांपर्यंत.

कसब्यातला

या कलमाला माझा विरोध नाही. ते आगाऊ पैशावर उभं नाही, तुमच्या आईच्या जिवावर उभं आहे. पैसे परत केले तरी तो गुन्हा राहतो, आणि पैसे न घेता सोडून गेली असती तरी राहिला असता. जीव धोक्यात आला म्हणून शिक्षा समजते. मालकाचं नुकसान झालं म्हणून कामगाराला कोठडी समजत नाही.

आष्टीकर

ताई, आईची काळजी घ्या. फक्त एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही सेंटरला जेवढे देत होता त्यातले मावशीला किती मिळत होते? सेंटर म्हणजे आमचा मुकादमच.

कोथरूडची लेक

माहीत नाही. सेंटर सांगत नाही. पण कितीही कमी मिळत असले तरी आईला एकटं टाकून जायचा हक्क त्याने मिळत नाही.

भोसरीचा लेथवाला

बरोबर बोललात ताई. इथे सगळे कामगाराच्या गरिबीचा हिशेब मांडतात, त्याच्या जबाबदारीचा नाही.

कोर्टकचेरी, सरळ विचारतो, सरळ सांगा. उद्या पोराने उचल मागितली तर काय लिहून घेऊ?

कोर्टकचेरी

कोरा चेक घेऊ नका, कोरा स्टँप घेऊ नका. रक्कम बँकेतून द्या, एका कागदावर आकडा आणि दरमहा किती कापणार ते लिहा, एक प्रत त्याला द्या. फिटेपर्यंत नोकरी सोडता येणार नाही असं वाक्य चुकूनही घालू नका. कर्जाच्या बदल्यात काम सोडायचं स्वातंत्र्य काढून घेतलंत की १९७६चा वेठबिगारी निर्मूलन कायदा दारात आला. तिथे कर्जच रद्द होतं, आणि ते कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर असते.

भोसरीचा लेथवाला

आणि पहिला हप्ता कापायच्या आतच पळाला तर?

कसब्यातला

तर गेले. भंगारात गेलेला माल धंद्यात धरता ना, तसेच तेही धरा.

भोसरीचा लेथवाला

भंगाराचे किलोमागे पैसे तरी येतात हो. मी उचल निम्मी करणार आहे, आणि नव्या पोराला सहा महिने छदामही नाही. आष्टीकर, तुम्हीच वर लिहिलंत असं होईल म्हणून.

आष्टीकर

लिहिलं होतं. निम्मी करा, पण कागदाची प्रत मात्र द्या.